रेगेबाईंची पाकिटं

रेगेबाईंना आमच्या मंडळाच्या निवडणूक अधिकारी नेमलं, तेव्हा त्यांनी सभेत पहिली मागणी केली ती पाणी उकळायच्या किटलीची. शारजातल्या एका शाळेचा हॉल होता, सर्वसाधारण सभा होती आणि लोक आधीच वैतागलेले होते, कारण वडे संपले होते आणि विषय काही संपत नव्हता. विषय होता टपालाने मतदान.

अमिरातीतल्या मराठी माणसाला मत द्यायची एवढी भूक का, हे तिकडे भारतात राहणाऱ्यांना कळायचं नाही. भारतातल्या निवडणुकीत मत द्यायचं तर आम्हाला विमानाचं तिकीट काढून गावी जावं लागतं. इथून पाकीट पाठवून जमत नाही. मग मंडळाची कार्यकारिणी निवडणं एवढंच काय ते हातात उरतं, आणि त्यासाठी आम्ही असे भांडतो की बघणाऱ्याला वाटावं, हॉलखाली तेलाची विहीर सापडलीय. पण तेही मत हॉलमध्ये येऊनच द्यायचं. अबुधाबीच्या हॉस्पिटलातल्या नर्सेसना ड्यूटी, हमरिया फ्री झोनमधल्या मुलांना शिफ्ट, अल क्वोजच्या कॅम्पात राहणाऱ्या कामगारांना यायला गाडी नाही. वर्गणी सगळ्यांकडून घ्यायची आणि मत शारजा-दुबईतल्या फ्लॅटवाल्यांनी द्यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

टपाली मतदानाला सगळ्यात मोठा विरोध दामल्यांचा. दामले बँकेत ऑडिटला आहेत. स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा त्यांना गैरव्यवहार दिसेल. ते उभे राहून म्हणाले, “पाकीट वाटेत कोणी उघडणार नाही याची गॅरंटी काय? कोण कुणाचं मत भरतंय, कसं कळणार? फ्रॉडला आपण स्वतः आमंत्रण देतोय.”

किटली आली. बाईंनी एका सभासदाला चिठ्ठी लिहून पाकिटात बंद करायला सांगितलं, ते पाकीट वाफेवर धरलं, आणि लोक माना उंच करून बघेपर्यंत झाकण अलगद उकलून चिठ्ठी बाहेर काढली. मग चिठ्ठी परत आत, झाकण परत बंद. पाकीट दामल्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “बघा, काही कळतंय का.”

काही कळत नव्हतं. दामले एकदम खूश. “मी तेच म्हणतोय. चला, विषय खलास.”

“खलास कसा? चोर येतो म्हणून आपण दाराच्या जागी भिंत नाही घालत. कुलूप लावतो. ते आता दाखवते.”

बाई एका भारतीय शाळेत परीक्षा विभाग सांभाळायच्या. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मोहोरबंद ठेवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी पर्समधून कागदी चिकटपट्टी काढली, दुसऱ्या पाकिटाच्या झाकणावर आडवी लावली आणि अर्धी पट्टीवर, अर्धी पाकिटावर येईल अशी सही केली. मग ते पाकीट वाफेवर धरलं. पट्टी सुरकुतली, सही मधोमध तुटली. मागच्या रांगेतल्यांनाही ते दिसलं. पुढची पद्धत त्यांनी शाळेतल्यासारखी समजावली. मतपत्रिका एका कोऱ्या पाकिटात, ते पाकीट दुसऱ्या सहीवाल्या पाकिटात. बाहेरची सही सभासदाच्या अर्जावरच्या सहीशी निवडणूक लढवणाऱ्या दोन्ही गटांसमोर ताडून बघायची. जुळली तर आतलं पाकीट न उघडता पेटीत. नाही जुळली तर त्या माणसाला फोन करायचा आणि त्याने मोजणीआधी स्वतः यायचं. हात वर झाले, ठराव झाला.

लोक उठता उठता दामले कुणाला तरी म्हणाले, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं, “बाईंना एवढी कळकळ का, ते माहितेय. रेग्यांचं मत बाईच भरणार आणि सहीही बाईच करणार.”

बाईंनी ते ऐकलं. त्या एवढंच म्हणाल्या की किटली धुऊन परत द्या.

रेगेकाकांबद्दल सांगायला हवं. मंडळ ज्यांनी काढलं त्यांतले ते एक. हमरियात रंगाच्या कंपनीत मॅनेजर होते, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मंडळाची निवडणूक असली की दार उघडायच्या आधी हे रांगेत पहिले. मग त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तेवढं बचावलं. तेव्हापासून काका व्हीलचेअरवर, आणि व्हीलचेअर कधी फ्लॅटच्या दाराबाहेर गेली नाही. लिफ्ट होती, रॅम्प होता, माणसं होती. पण “मला या खुर्चीत कोणी बघायचं नाही,” असं त्यांनी एकदा सांगितलं ते सांगितलं. भेटायला गेलेल्याला बाई दारातच चहा देत आणि काका आतल्या खोलीतून ओरडून गप्पा मारत. मत मात्र त्यांना द्यायचंच होतं. मत द्यायचं आणि कुणाला दिसायचं नाही, हे जमवायला टपालाशिवाय दुसरा रस्ता नव्हता. बाईंना तो रस्ता हवा होता हे खरंच, त्यांनी ते कधी लपवलंही नाही.

बाई गाडी चालवत नसत. मी त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, तेव्हा गाडी माझी आणि बाई मागच्या सीटवर. मागे बसूनही पट्टा लावायच्या आणि गाडीतल्या जीपीएसच्या बाईशी वाद घालायच्या. “ही बया नेहमी उशिरा सांगते,” म्हणायच्या आणि वळण चुकलं की मला बोलायच्या. “बहुतेक” हा शब्द त्यांना खपत नसे. “बहुतेक पोचेन” म्हटलं की विचारत, “म्हणजे नाही ना?” माझा मुलगा आम्हाला प्रत्येक गोष्टीचं उत्तर इंग्लिशमध्ये देतो, पण लिफ्टमध्ये बाई दिसल्या की सरळ मराठीत “हो बाई” म्हणतो. मी कारण विचारलं तर म्हणाला, “शी वेट्स.” खरंच, त्या उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या, आणि त्यांच्यासमोर गप्प उभं राहणं फार अवघड असायचं.

टपाली मतदान म्हणायचं, पण टपालाने काही गेलं नाही. इथे पत्र घरी येत नाही, पोस्ट बॉक्सात येतं, आणि तो बॉक्स बहुतेकांचा कंपनीचा. बाई म्हणाल्या, मतपत्रिका साहेबाच्या टेबलावरून फिरून जायला नको. म्हणून पाकिटं आम्हीच पोचवायची आणि आम्हीच गोळा करायची, गाडीत दोन्ही गटांचा एकेक माणूस. एका गटातर्फे मी होतो. दुसऱ्या गटाने दामल्यांना पाठवलं. तेव्हापासून माझ्या गाडीत जीपीएस, बाई आणि दामले असं तिघांचं भांडण चालायचं.

अबुधाबीत एका इंजिनियरच्या घरी गेलो. गृहस्थ मोठे अगत्यशील. दारातच दोन पाकिटं तयार ठेवली होती.

“दुसरं कुणाचं?” बाईंनी विचारलं.

“मिसेसचं. ती बिझी असते, मीच भरून टाकलं. सही तिचीच आहे हां.”

मिसेस हात पुसत बाहेर आल्या. “चालेल हो बाई. त्यांना कळतं त्यातलं.” पाठोपाठ त्यांची मुलगी मान वर न करता म्हणाली, “आंटी, डॅडी ऑलरेडी व्होटेड फॉर ममा.”

बाई रागावल्या नाहीत. इंजिनियरना म्हणाल्या, “याला खाली पार्किंगचे पैसे भरायचा मेसेज कसा करायचा तेवढं दाखवता का? फाइन लागायचा उगीच.” मला तो मेसेज चांगला येतो. पण बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला येईनासा झाला. आम्ही खाली गेलो, मी दोनदा चुकीचा नंबर टाकला, फाइन किती दिरहॅम आणि त्याचे रुपये किती यावर आमची सविस्तर चर्चा झाली. वर आलो तेव्हा मिसेस डायनिंग टेबलाशी बसून, नवीन मतपत्रिकेवर कोपर आडवं धरून, शाळेतल्या हुशार मुलीसारख्या लिहीत होत्या. दामले खिडकीकडे तोंड करून उभे. बाईंचीही पाठ होती. आधीचं पाकीट फाडून टेबलावर ठेवलं होतं.

“कुणाला दिलंस?” इंजिनियरनी विचारलं.

“सांगते नंतर,” मिसेस म्हणाल्या. त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

परतताना दामले म्हणाले, “बाई, मी हेच सांगत होतो. घरोघरी हेच होणार. टपाली मतदानाचा हाच तर धोका.”

“बरोबर आहे तुमचं,” बाई म्हणाल्या. “धोका आहेच. पण हॉलमध्ये काय व्हायचं? ती त्यांच्या मागे उभी राहून ते म्हणतील तिथे फुली मारायची. आपल्याला दिसत नव्हतं, एवढंच. आता दिसलं.”

जीपीएसची बाई एकटीच बोलत होती.

अल क्वोजला जे झालं त्याने मात्र बाईही हादरल्या. तिथल्या कॅम्पात आमचे बरेच सभासद, कोकणातले, घाटावरचे, एकट्याने राहणारे. त्यांचा फोरमन गावडे. गावडे म्हणजे त्या सगळ्यांचा मोठा भाऊ. कुणाचा मोबाइल रिचार्ज कर, कुणाला डॉक्टरकडे ने, कुणाचं रजेचं तिकीट बघ, सगळं गावडे. आम्ही पोचलो तर गावडे हसत प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. पिशवीत सगळ्यांची पाकिटं, पट्टी लावून, सही करून. “बाई, तुमका त्रास नको म्हणून मीच सगळ्यांची भरून ठेवलंय. पोरांनी सह्या दिल्यानी.”

दामल्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद उमटला. सगळी तपासणी, सगळी चिकटपट्टी, आणि एका पिशवीत सगळं पाण्यात. बाई मेसच्या बाकावर बसल्या. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मग म्हणाल्या, “गावडे, ही पिशवी मी घेणार नाही.”

गावड्यांचं हसू गेलं. “म्हणजे मी काय चोर आहे?”

“नाही. तुम्ही भले आहात, म्हणून तुमच्याशी सरळ बोलतेय. तुम्ही उद्या गावी जाल. तुमच्या जागी दुसरा येईल. तो भला नसला तर? त्याला ही पोरं अशीच पिशवी भरून देतील, कारण सवय तुम्ही लावलेली असेल.”

गावडे तांबडे झाले. मला वाटलं, आता उठून जातात. पण ते वळले आणि जेवत बसलेल्या माणसांवर ओरडले, “उठा रे सगळे. आपापलं भरायचंय. चला, यल्ला.”

बाईंनी नवीन पाकिटं दिली. कुणीतरी फ्रिजचं रिकामं खोकं आणून टेबलावर आडवं ठेवलं, त्याच्या आड एकेकाने जायचं. पहिला गेला तो तिथेच घुटमळत राहिला. म्हणाला, “बाई, उभं कोण आहे तेच म्हायती नाय.” बाईंनी दामल्यांना उभं केलं आणि दोन्ही गटांची नावं, कामं, सगळं वाचायला लावलं. दामल्यांनी आमच्या गटाचंही प्रामाणिकपणे वाचलं, हे सांगायला हवं. एकाने विचारलं, “दोन्ही नको असले तर?” बाई म्हणाल्या, “कोरी टाक. पण तू टाक.” सगळ्यात शेवटी गावडे खोक्याआड गेले आणि बाहेर येताना बाईंना म्हणाले, “माझाच मत आधी कोणाक द्यायचा ठरत नव्हता.”

रेगेकाकांचं पाकीट आम्ही शेवटी आणलं. बाई त्या फेरीला आल्या नाहीत, घरात असूनही स्वयंपाकघराचं दार लावून बसल्या. मी आणि दामले दारात उभे राहिलो. आतून व्हीलचेअरचा आवाज आला, पडद्याखालून डावा हात बाहेर आला, हातात पाकीट. पट्टीवरची सही वाकडी, अक्षरं एकमेकांवर चढलेली. ज्यांची सही बदलली असेल त्यांनी दोन माणसांसमोर नवी नोंदवावी, असं बाईंनी सगळ्यांना कळवलं होतं. काकांनी ते साफ नाकारलं होतं. दोन माणसं घरात येणार, समोर बसणार, हात बघणार, ते त्यांना नकोच होतं. “सही माझीच आहे, हात तेवढा दुसरा आहे,” म्हणाले. महिनाभर ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर डाव्या हाताने जुनी सही गिरवत होते, असं बाईंकडून कळलं.

शनिवारी सह्या ताडायला बसलो. बाई एकेक पाकीट उचलून नाव वाचायच्या, मी अर्ज काढायचा, दामल्यांनी बघायचं. हॉलमध्ये बरीच मंडळी होती. एक पाकीट उचललं आणि बाई क्षणभर थांबल्या. लोकांना कळलं, आणि मागून बायकांचा गलका झाला, “बाई, उखाणा घ्या, उखाणा.” सगळा हॉल हसला. बाईही थोडं हसल्या. मग शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात त्यांनी नवऱ्याचं नाव वाचलं, “मुकुंद अनंत रेगे.”

मी अर्ज पुढे केला. त्यावरची जुनी सही ऐटबाज, शेपटी लांब ओढलेली. बाईंनी पाकीट शेजारी धरलं, चष्मा वर केला, खाली केला. “जुळत नाही,” म्हणाल्या.

हसणं थांबलं. दामले पुढे वाकून हळूच म्हणाले, “बाई, सोडून द्या. माझ्या हातात त्यांनी स्वतः दिलंय. आम्हाला माहीत आहे ना.”

“तुम्ही हात पाहिलात, माणूस नाही. मघाशी दुसऱ्या दोघांची पाकिटं अशीच बाजूला ठेवली, तेव्हा कोणी सोडून द्या म्हणालं नाही.” त्यांनी पाकीट बाजूच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि मला सांगितलं, “फोन कर. नियमात जे आहे ते सांग.” मग पुढचं पाकीट उचलून त्यांनी पुढचं नाव वाचलं.

मी बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन फोन लावला. “काका, निवडणूक समितीतर्फे बोलतोय.”

“ती कुठाय?”

“इथेच आहेत. घरच्या माणसाला त्यांनी फोन करणं बरोबर नाही, असं म्हणाल्या. काका, सही जुळली नाही. उद्या दुपारपर्यंत तुम्हाला स्वतः यावं लागेल, नाहीतर मत बाद.”

काका म्हणाले, “दामल्या काय म्हणाला?”

“ते म्हणाले, सोडून द्या.”

“सोडून द्या म्हणाला?” आवाज एकदम पूर्वीचा झाला. “मला सोडून द्यायला हा कोण? मी काय दया मागितली याच्याकडे? उद्या गाडी किती वाजता काढतोस?”

रविवारी सकाळी बाई खाली आल्या तेव्हा मी विचारलं, घरी काय झालं. म्हणाल्या, “काल माझ्याशी बोलले नाहीत. जेवलेही नाहीत. सकाळी मात्र दाढीचं सामान मागितलं.” आणि त्या टॅक्सी करून एकट्याच पुढे गेल्या. मतदाराबरोबर एका गाडीत जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

काकांना मी आणि वॉचमनने उतरवलं. कडक इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. हॉलच्या दारात व्हीलचेअर आली तशी सगळी माणसं उभी राहिली. काका म्हणाले, “बसा, बसा. मी काय राष्ट्रगीत आहे?” लोक हसले आणि बसले. मी खुर्ची टेबलापर्यंत नेली.

टेबलामागे बाई. “नाव?”

“मुकुंद अनंत रेगे.”

“पाकिटावरची सही तुमची?”

“माझी.”

“मत तुम्ही स्वतः भरलंत?”

“मीच भरलं. अधिकारीबाई स्वयंपाकघरात दार लावून बसल्या होत्या.”

“विचारलं तेवढंच सांगा.” बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. काकांनी डाव्या हातात पेन धरलं आणि सही केली. फार वेळ लागला. पेन एकदा निसटलं, ते दामल्यांनी उचलून दिलं, आणि काकांनी निमूट घेतलं. बाईंनी कागद आणि पाकीट शेजारी शेजारी धरले. तीच वाकडी अक्षरं, एकावर एक चढलेली.

“जुळते,” बाई म्हणाल्या. बाहेरचं पाकीट उघडून आतलं कोरं पाकीट त्यांनी काकांच्या हातात दिलं आणि काकांनी ते पेटीत टाकलं.

दामल्यांचा गट चांगल्या फरकाने जिंकला. त्यातल्या त्यात अबुधाबीची एक नर्स कार्यकारिणीत आली, तीही पाकिटांच्या जोरावर. टपाली मतदान कायम ठेवायचा ठराव पुढच्या सभेत दामल्यांनीच मांडला, आणि मांडताना किटलीची गोष्ट अशी सांगितली की कुणाला वाटावं पाकीट त्यांनीच उकललं होतं. बाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या आणि दोघं पुण्याला गेले.

माझ्या डोळ्यांसमोर आहे तो त्या रविवारचा परतीचा रस्ता. मोजणी संपली होती, बाई आता अधिकारी नव्हत्या, म्हणून माझ्या गाडीत बसल्या. काका पुढे, बाई मागे. मला राहवलं नाही. मी विचारलं, “बाई, खरं सांगा. काकांना घराबाहेर काढायला मुद्दाम केलंत ना?”

बाई चिडल्या. “निवडणुकीत मुद्दाम काही करायचं नसतं. सही जुळली असती तर मत पेटीत टाकलं असतं आणि यांना घरातच राहू दिलं असतं. मला रडू आलं असतं, पण राहू दिलं असतं.”

काका खिडकीबाहेर बघत होते. एका कॅफेटेरियासमोर म्हणाले, “थांब इथे. करक घेऊ.” मी सवयीने हॉर्नला हात लावला, म्हणजे माणूस गाडीतच चहा आणून देतो. काका म्हणाले, “हॉर्न नको. मला खाली उतरव.”

भर रस्ता, रविवारची गर्दी. मी खुर्ची उघडली, काकांना फुटपाथवर बसवलं. त्यांनी डाव्या हातात कागदी कप घेतला. पहिलाच घोट इस्त्रीच्या शर्टावर सांडला. माणसं बाजूने जात होती, दोघांचौघांनी वळून पाहिलं. काकांनी कप पुन्हा तोंडाला लावला. समोरून एक माणूस थबकला आणि ओरडला, “अरे रेगेसाब, कहाँ थे इतने दिन?” काका हसले, ते जुनं, मोठं हसणं, आणि त्यांनी त्याला हाक मारून शेजारी बोलावलं.

बाई गाडीला टेकून उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मी म्हटलं, “बाई, उन्हात उभ्या राहू नका. गाडीत बसा, मी आणतो काकांना.”

“थांब रे,” त्या म्हणाल्या. “बघू दे मला.”